अहिर आणि वाम : रूप एक, जीवनमार्ग दोन

महाराष्ट्रातील नद्यांत आढळणाऱ्या माशांपैकी दोन मासे असे आहेत की, त्यांना प्रथमच पाहणारा मनुष्य त्यांची गणना माशांत न करता सर्पांत करील. लांबट, गोलसर व बुळबुळीत शरीर, वळवळत पुढे सरकण्याची रीत आणि दिवसा दगडांच्या कपारीत किंवा वाळूत दडून बसण्याची सवय या सर्व बाबतींत हे दोन मासे एकमेकांसारखे भासतात. त्यांपैकी एक अहिर व दुसरा वाम. बाजारात, घरात आणि पुष्कळदा सरकारी नोंदींतही या दोघांना एकाच नावाने संबोधले जाते. नावाच्या या गोंधळात आणखी भर पडते ती किनारपट्टीवर. मुंबईच्या मासळी बाजारात ‘वाम’ म्हणून जो लांब मासा विकला जातो, तो समुद्रातील एक तिसराच मासा असून नदीतील वामाशी त्याचे काहीही नाते नाही.

नावाचा हा गोंधळ केवळ शब्दांपुरता असता, तर त्याची फारशी दखल घेण्याचे कारण नव्हते. परंतु अहिर आणि वाम यांच्या जीवनक्रमात मूलभूत फरक आहे. वामाचा जन्म नदीत होतो आणि त्याचे सारे आयुष्य नदीतच सरते. अहिराचा जन्म मात्र खोल समुद्रात होतो, तो वाढतो नदीत, आणि अंडी घालण्यासाठी व मरण्यासाठी पुन्हा समुद्रात जातो. साहजिकच नदीवर घडणाऱ्या एकाच घटनेचा या दोघांवर होणारा परिणाम सारखा नसतो. धरणाने एकाला जलाशय मिळतो, तर दुसऱ्याचा रस्ता बंद होतो. नदीच्या संवर्धनाचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने हा भेद समजून घेणे म्हणूनच अगत्याचे आहे.

ओळख कशी पटवावी?

दोन्ही मासे शेजारी ठेवून पाहिले, तर त्यांतील फरक शाळकरी मुलालाही सहज सांगता येईल. सर्वप्रथम पाठ पाहावी. वामाच्या पाठीवर पुढच्या भागात लहान, सुटे आणि टोकदार काट्यांची एक रांग असते. या काट्यांची संख्या तीसहून अधिक असते. मासा शांत असताना हे काटे पाठीला चिकटून असतात, पण त्याला मुठीत धरताच ते ताठ उभे राहतात व हाताला टोचतात. अहिराच्या पाठीवर असा एकही काटा नसतो. त्याचा पाठीवरचा पर मऊ व अखंड असून तो शेपटीला वळसा घालून पोटाखालच्या पराशी एकरूप झालेला असतो.

दुसरी खूण तोंडाची. वामाचे तोंड पुढे निमुळते होत जाते आणि त्याच्या टोकाला मांसल, हलणारी, लहानशा सोंडेसारखी वाढ असते. तिच्या दोन्ही बाजूंस नळीसारख्या नाकपुड्या असतात. या सोंडेने वाळू चाचपून तो आपले भक्ष्य शोधतो. अहिराचे डोके रुंद व तोंड मोठे असून खालचा जबडा वरच्यापेक्षा किंचित पुढे आलेला असतो. तिसरी खूण रंगाची. वामाच्या तपकिरी अंगावर गडद, नागमोडी पट्ट्यांची नक्षी असते. चिखलात उमटलेल्या मोटारीच्या चाकाच्या ठशाची आठवण व्हावी, अशी ती दिसते. अहिराच्या पाठीवर पिवळसर व काळपट तपकिरी ठिपक्यांचे मिश्रण असते आणि पोट फिकट असते.

शास्त्रीय वर्गीकरणात तर हे दोन मासे एकमेकांपासून फारच दूर आहेत. अहिर हा खऱ्या ईल माशांच्या कुळातील असून त्याचे शास्त्रीय नाव अँग्विला बेंगालेन्सिस असे आहे. वामाचे नाव मॅस्टासेम्बेलस आर्माटस. फ्रेंच शास्त्रज्ञ लासेपेद याने १८०० साली त्याचे वर्णन प्रसिद्ध केले. इंग्रजीत त्याला ‘काटेरी ईल’ म्हणतात खरे, पण तो ईल नव्हेच. त्याचे जवळचे आप्त शोधावयाचे, तर ते आपल्या परिचयाच्या मरळ माशाच्या गटाजवळ सापडतात. पक्षी आणि वटवाघूळ दोघेही उडतात म्हणून ते एका जातीचे ठरत नाहीत. त्याचप्रमाणे कपारीत व चिखलात शिरण्याच्या गरजेतून या दोन निरनिराळ्या वंशांना सारखाच लांबट आकार प्राप्त झाला आहे.

वाम : नदीच्या तळाचा रहिवासी

वाम हा प्रामुख्याने रात्री हिंडणारा मासा आहे. दिवसा तो वाळूत, बारीक खड्यांत किंवा पाणवनस्पतींच्या मुळांत दडून राहतो. पुष्कळदा फक्त तोंडाचे टोक वाळूबाहेर ठेवून उरलेले शरीर तो पुरून घेतो. रात्र झाली की, तळाशी फिरून किड्यांच्या अळ्या, गांडुळे, झिंगे आणि लहान मासे तो खातो. भरपूर खाद्य मिळाल्यास तो सुमारे ९० सेंटीमीटरपर्यंत वाढतो, परंतु जाळ्यात येणारे मासे बहुधा याहून बरेच लहान असतात. मांस चविष्ट आणि मधल्या कण्याखेरीज फारसे काटे नसलेले असल्यामुळे बाजारात त्याला चांगली मागणी असते. भीमा नदीवरील उजनी धरण १९८० साली पूर्ण झाले. या जलाशयातील मासेमारीत वाम हा ओळखीचा मासा आहे.

वामाचा प्रजननकाळ पावसाळ्यात येतो. नदीचे पाणी काठावर पसरले, कडेची गवते व पाणवनस्पती पाण्याखाली गेल्या की, मादी त्यांच्यावर चिकट अंडी घालते. पिलांचे संगोपन याच उथळ, गवताळ पाण्यात होते. म्हणजेच वामाला दूरच्या प्रवासाची आवश्यकता नाही. त्याला हव्या असतात तीन गोष्टी : लपण्यासाठी वाळू व खड्यांचा तळ, अंडी घालण्यासाठी वनस्पतींनी युक्त असा काठ आणि पावसाळ्यातील काही निर्धास्त आठवडे.

अहिर : दोन जगांचा प्रवासी

अहिराचा जीवनक्रम इतका विलक्षण आहे की, त्याचे कोडे उलगडण्यास माणसाला दोन हजारांहून अधिक वर्षे लागली. ईल माशांच्या पोटात कोणालाही कधी अंडी आढळत नसत. त्यामुळे हे मासे चिखलातून आपोआप उत्पन्न होतात, असा ग्रीक तत्त्ववेत्ता ॲरिस्टॉटल याचा तर्क होता. पुढे मनोविश्लेषणशास्त्राचा जनक म्हणून जगप्रसिद्ध झालेल्या सिग्मंड फ्रॉइड याने तरुणपणी, १८७६ साली, त्रिएस्त येथे शेकडो ईल माशांचे विच्छेदन करून नराच्या जननेंद्रियांचा शोध घेण्याचा प्रयत्न केला होता. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस इटलीतील ग्रासी व कालांद्रुच्चो या शास्त्रज्ञांनी एक महत्त्वाची गोष्ट सिद्ध केली. समुद्रात सापडणारा, काचेसारखा पारदर्शक व पानासारखा चपटा असा एक लहान जीव तोपर्यंत स्वतंत्र मासा मानला जात असे. तो प्रत्यक्षात ईलचा डिंभ, म्हणजे त्याची बाल्यावस्था होय, असे त्यांनी दाखवून दिले.

युरोपातील ईल नेमके जन्मतात कोठे, याचा शोध डेन्मार्कच्या योहानेस श्मिट याने घेतला. १९०४ पासून जवळजवळ दोन दशके तो अटलांटिक महासागरात जाळी टाकीत राहिला. ज्या दिशेला डिंभ अधिकाधिक लहान आढळत गेले, त्या दिशेने तो शोध नेत गेला आणि अखेर अमेरिकेच्या पूर्वेस असलेल्या सारगासो समुद्रापर्यंत पोहोचला. तेथून युरोपच्या नद्यांपर्यंतचे अंतर हजारो किलोमीटर आहे. पुढे जपानी ईलची समुद्रात घातलेली अंडी २००९ साली प्रशांत महासागरात मारियाना बेटांच्या पश्चिमेस प्रत्यक्ष हाती लागली. अंगावर संदेश-यंत्रे बसविलेले युरोपीय ईल सारगासो समुद्रात पोहोचल्याचे संशोधन तर २०२२ साली प्रसिद्ध झाले.

आपल्याकडील अहिर हा याच घराण्यातील असल्याने त्याच्या आयुष्याचे टप्पेही तसेच आहेत. समुद्रात अंड्यातून बाहेर पडलेला पानासारखा डिंभ प्रवाहाबरोबर किनाऱ्याकडे वाहत येतो. किनाऱ्याजवळ त्याचे रूप पालटते आणि तो काचेच्या काडीसारखे लहान, गोल व पारदर्शक पिलू बनतो. नदीचे गोडे पाणी ज्या मुखातून समुद्रात उतरते, तेथून ही पिले खाडीत शिरतात. हळूहळू त्यांच्या अंगावर रंग चढतो आणि ती प्रवाहाविरुद्ध वर चढू लागतात. ओल्या खडकावर, शेवाळावर किंवा खडबडीत भिंतीवर अंग चिकटवून वर सरकण्याची त्यांची क्षमता आश्चर्यकारक असते. मोठा झालेला मासा ओलसर त्वचेतून काही प्रमाणात श्वसन करू शकत असल्यामुळे रात्री ओल्या गवतातून थोडे अंतर कापून तो एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यातही जाऊ शकतो.

नदीच्या डोहात अहिर अनेक वर्षे काढतो. मासे, खेकडे, झिंगे, बेडूक असे जे मिळेल ते तो खातो आणि मीटरभराहून अधिक लांब होतो. मादीची वाढ सावकाश होते. पूर्ण वाढीस तिला दहा-वीस वर्षेही लागू शकतात. नर बहुधा खाडीच्या व नदीच्या खालच्या भागात राहतात, तर वरच्या भागात दूरवर पोहोचणाऱ्या माशांत माद्यांचे प्रमाण अधिक असते. मग एका पावसाळ्यात तिच्यात बदल घडतो. डोळे मोठे होतात, अंगाला रुपेरी झाक येते, अन्नग्रहण थांबते व आतडे आकसू लागते. पुराच्या पाण्याबरोबर, काळोख्या रात्री, ती समुद्राकडे निघते. तेथे आयुष्यात एकदाच अंडी घालून तिचा अंत होतो. जन्मदात्रीने पिलू कधी पाहिलेले नसते आणि पिलाला नदीचा मार्ग दाखविण्यास कोणी नसते. तरीही पुढची पिढी गोड्या पाण्याकडे येते.

एकच धरण, दोन परिणाम

ही माहिती नकाशावर ठेवून पाहिली म्हणजे प्रश्नाचे गांभीर्य ध्यानात येते. सह्याद्रीच्या पश्चिमेकडील सावित्री, वाशिष्ठी, काजळी, तेरेखोल यांसारख्या नद्या लांबीने आखूड आहेत. समुद्रापासून घाटाच्या पायथ्यापर्यंतचे अंतर अहिराच्या दृष्टीने फारसे नाही. पूर्वेकडील नद्यांची गोष्ट निराळी. महाबळेश्वर येथे उगम पावणारी कृष्णा सुमारे १,४०० किलोमीटरचा प्रवास करून बंगालच्या उपसागरास मिळते आणि भीमा ही तिचीच उपनदी. त्र्यंबकेश्वरची गोदावरीही १,४६५ किलोमीटर वाहत जाऊन त्याच उपसागरास मिळते. म्हणजे भीमेच्या किंवा गोदावरीच्या वरच्या डोहांत अहिर यावयाचा, तर त्याने पूर्व किनाऱ्यावरून सारे दख्खन ओलांडून येणे आवश्यक ठरते.

या मार्गावर अडथळे उभे राहण्यास दीडशेहून अधिक वर्षांपूर्वीच प्रारंभ झाला. गोदावरीवर धवळेश्वरम येथे १८५२ साली व कृष्णेवर विजयवाडा येथे १८५५ साली बंधारे पूर्ण झाले. पुढे कृष्णेवर नागार्जुनसागर, श्रीशैलम, आलमट्टी आणि गोदावरीवर पैठणचे जायकवाडी अशी मोठी धरणे झाली. या प्रकल्पांनी लक्षावधी हेक्टर जमीन भिजविली, वीज दिली, शहरांची तहान भागविली. त्यांची आवश्यकता वादातीत आहे. परंतु अहिराचे पिलू ओल्या भिंतीवर थोडी उंची चढू शकले, तरी मोठ्या धरणाची भिंत चढणे त्याच्या आवाक्यापलीकडचे आहे. वर अडकलेल्या मोठ्या माद्यांना खाली उतरण्याची वाट सांडव्यावरून किंवा वीजगृहाच्या चक्रांतून काढावी लागते. लांब शरीरामुळे चक्रांच्या पात्यांत सापडण्याचा धोका या माशांना इतरांपेक्षा अधिक असतो.

वामाची स्थिती याच्या उलट आहे. धरणामागच्या जलाशयात त्याला खाद्य मिळते, गवताळ काठ मिळतो आणि तेथेच त्याची पैदासही होते. त्याच्यावरील संकट वेगळ्या दिशेने येते. नदीच्या पात्रातून वाळू बेसुमार उपसली गेली की, तळाशी खडक किंवा चिखल तेवढा शिल्लक राहतो आणि वामाचे घरच नाहीसे होते. दुसरे संकट पावसाळ्याच्या तोंडावर येते. कोकणात ज्यांना ‘वळगणीचे’ आणि अन्यत्र ‘चढणीचे’ मासे म्हणतात, त्यांची मासेमारी पहिल्या पुराबरोबर ओढ्या-नाल्यांत जोरात सुरू होते. अंड्यांनी भरलेल्या अनेक जातींच्या माद्या याच वेळी पकडल्या जातात. काठावर थोडे मासे खाण्यापुरते धरणे वेगळे आणि ओढ्याच्या या काठापासून त्या काठापर्यंत बारीक आसाचे जाळे लावून सर्व मार्गच बंद करणे वेगळे.

बीज केंद्राची मर्यादा

मासे कमी झाले तर बीज सोडावे, असा एक सोपा उपाय सुचविला जातो. रोहू, कटला, मृगळ यांच्या बाबतीत तो बऱ्याच अंशी योग्यही आहे. प्रेरित प्रजननाच्या तंत्रामुळे या माशांचे बीज केंद्रांवर मोठ्या प्रमाणावर तयार होते. वाम व त्याच्या भाईबंदांचे प्रजननही प्रयत्नपूर्वक बंदिस्त पाण्यात घडवून आणता आले आहे. अहिराच्या कुळाची गोष्ट मात्र निराळी आहे. जपानी शास्त्रज्ञांनी ईलचे संपूर्ण जीवनचक्र प्रयोगशाळेत २०१० साली पुरे करून दाखविले, तरी ईल-संवर्धनाचा मोठा व्यवसाय मुख्यत्वे समुद्रातून येणाऱ्या नैसर्गिक पिलांवरच अवलंबून राहिला. याचा अर्थ स्पष्ट आहे. अहिर एकदा नदीतून नाहीसा झाला की, बीज केंद्रातून डबे भरून आणून तो पुन्हा सोडता येणार नाही. त्याचे बीज फक्त समुद्र पुरवितो आणि तेही वाट मोकळी असेल तरच.

युरोपातील अनुभव या बाबतीत बोधप्रद आहे. तेथील ईल एके काळी गरिबांचे अन्न होते. आज त्या जातीची गणना अतिसंकटग्रस्त वर्गात होते. युरोपीय संघाने २००७ साली नियम करून नद्यांतून समुद्राकडे परतणाऱ्या प्रौढ ईलचे प्रमाण, माणसाचा हस्तक्षेप नसता तर जेवढे राहिले असते त्याच्या किमान ४० टक्के असावे, असे उद्दिष्ट ठरविले. अनेक बंधाऱ्यांवर पिलांना चढण्यासाठी उतरती पन्हळ बसविली जाते. तिच्या तळाला ब्रशासारखे ताठ तंतू किंवा खडबडीत गोटे बसवून वरून पाण्याची बारीक धार सोडलेली असते. पाण्याच्या ओलीवर अंग टेकीत पिले वर चढतात. अशा रचनेला फार पाणी लागत नाही, हे विशेष.

गावाच्या हाती काय आहे?

मोठ्या धरणांचे प्रश्न गावपातळीवर सुटणारे नाहीत. परंतु लहान नद्या, ओढे व बंधारे यांच्या बाबतीत पंचायतींना बरेच काही करता येण्याजोगे आहे. कोल्हापूर पद्धतीच्या बंधाऱ्याचेच उदाहरण घ्यावे. या बंधाऱ्याचे बरगे पावसाळ्यापूर्वी काढून घ्यावयाचे आणि पाऊस ओसरल्यावर पुन्हा बसवावयाचे, अशी मूळ योजना आहे. पुराला व गाळाला वाट मिळावी हा तिचा हेतू, परंतु पुराबरोबर समुद्राकडे निघालेल्या अहिरालाही तीच वाट उपयोगी पडते. बरगे वेळेवर न काढल्यास बंधाऱ्याला धोका पोहोचतो, तसाच तो नदीतील जीवसृष्टीलाही पोहोचतो. कोकणातील नदीवर नवा पक्का बंधारा बांधावयाचा असेल, तर त्याच्या एका कडेस खडबडीत दगडांचा, ओला राहणारा मंद उतार ठेवण्याची सूचना आराखड्याच्या वेळीच करता येईल.

वाळूउपशाचा विषय ग्रामसभेपुढे येतो, तेव्हा वाळू हे केवळ बांधकामाचे साहित्य नसून माशांचे घर आहे, हा मुद्दा मांडला जावयास हवा. सुरुंगाची दारू किंवा विष वापरून पाण्यातील मासे मारणे हा १८९७ च्या भारतीय मत्स्यव्यवसाय अधिनियमानेच गुन्हा ठरविला आहे. अशा एका कृत्याने वीस वर्षे वाढलेली अहिराची मादी आणि काल जन्मलेले वामाचे पिलू दोन्ही एकदमच नष्ट होतात.

डोह राखण्याची परंपरा महाराष्ट्राला नवीन नाही. रायगड जिल्ह्यातील महाड तालुक्यात काळ नदीवरील वाळण कोंडीतील महाशीर मासे देवीचे म्हणून लोकांनी पिढ्यान्‌पिढ्या राखले आहेत. सिंधुदुर्ग जिल्ह्यात आंबोली येथे हिरण्यकेशी मंदिराच्या परिसरातील एका लहानशा माशाच्या रक्षणासाठी राज्य शासनाने २०२१ साली तो परिसर जैवविविधता वारसा स्थळ म्हणून घोषित केला. श्रद्धा आणि कायदा यांचा मेळ घालता येतो, याचे हे उदाहरण होय.

जैविक विविधता अधिनियम, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या पातळीवर जैवविविधता व्यवस्थापन समित्या स्थापन करण्याची आणि लोकजैवविविधता नोंदवही तयार करण्याची तरतूद आहे. या नोंदवहीत ‘वाम’ असे एकच नाव लिहून भागणार नाही. पाठीवर काटे आहेत की नाहीत, मासा कोणत्या महिन्यात व कोणत्या डोहात मिळाला, पूर्वी मिळत असे पण आता मिळत नाही असे वृद्ध मच्छीमार सांगतात काय, या गोष्टी नोंदवावयास हव्यात. शाळेतील शिक्षकांनी विद्यार्थ्यांच्या साहाय्याने हे काम हाती घेतल्यास निसर्ग-अभ्यासाचा एक जिवंत पाठच त्यांच्यापुढे उभा राहील. सापासारखा दिसतो म्हणून अहिर विषारी, ही समजूतही त्या निमित्ताने दूर करता येईल. त्याचा दंश विषारी नसतो. त्याच्या कच्च्या रक्तात मात्र विषारी अंश असतो आणि तोही शिजवताना नाहीसा होतो.

नदी म्हणजे वाहते पाणी, एवढीच तिची व्याख्या आजवर नियोजनात पुरेशी मानली गेली. वाम सांगतो की, नदीला तळ असतो आणि अहिर सांगतो की, नदीला दुसरे टोक असते. ज्या नदीचा तळ शाबूत आहे आणि जिची वाट समुद्रापर्यंत मोकळी आहे, तिच्यातच हे दोन्ही मासे एकत्र नांदू शकतात. आपल्या गावच्या नदीत या दोहोंपैकी कोण उरला आहे, हे पाहिले म्हणजे नदीच्या प्रकृतीचे निदान करण्यास वेगळ्या साधनाची आवश्यकता भासणार नाही.